उन्हाळ्यात घरातल्या सशासाठी कूलर लावावा का, की पंखा पुरेसा आहे?

विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात कूलर अवश्य लावावा, मात्र त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये; नुसता पंखा पुरत नाही. सशाला माणसासारखा घाम येत नाही आणि कुत्र्याप्रमाणे धापा टाकून अंग गार करणेही त्याला फारसे जमत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो, म्हणून पंख्याच्या वाऱ्याने आपल्याला मिळतो तेवढा आराम त्याला मिळत नाही. साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते, तर ३० अंशांच्या पुढे उष्माघाताचा धोका वाढत जातो. कूलरच्या जोडीला उपयोगी, आणि जवळजवळ फुकट, उपाय म्हणजे पाण्याची बाटली गोठवून, जुन्या सुती कापडात गुंडाळून पिंजऱ्यात आडवी ठेवणे: ससा आपणहून तिला टेकून पसरतो आणि नको वाटले की उठून जातो. खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा, पाणी जड वाडग्यात द्यावे, दुपारी ओल्या बोटांनी कान पुसावेत. आंघोळ मात्र कधीही घालू नये, कारण त्या धसक्याने ससा दगावूही शकतो. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत कूलर ओलावाच वाढवतो, तेव्हा तेथे बाटली, फरशी आणि शक्य असल्यास एसी यांवर भर द्यावा. ससा तोंड उघडून श्वास घेऊ लागला, लाळ गाळू लागला किंवा दहा-बारा तास काहीच खात नसेल, तर थेट पशुवैद्याकडे न्यावे.