सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्धी संघ प्लेऑफला जाणार की नाही, हे बेसबॉलचे चाहते कसं मोजतात? त्यावर पैज लावावी का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत येऊन वर्षही झालेलं नाही, ऑफिसात सगळे न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचे चाहते आणि जेवणाच्या सुट्टीत विषय एकच: त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचं, म्हणजे बॉस्टनच्या रेड सॉक्सचं काय होणार. कुणी म्हणतं 90 टक्के चान्स आहे, कुणी मॅजिक नंबर सांगतं. हे मोजतात कसं आणि पैज लावावी का, असा तुमचा प्रश्न.

पैज लावू नका. मी लावली होती, 2011 साली, तीही धाकट्या दिराशी. जिंकले, पण जिंकण्यासाठी माझीच टीम हरावी लागली.

मी यांकीजची, भावोजी बॉस्टनजवळ राहतात म्हणून रेड सॉक्सचे. एरवी घरात भांडण नाही, पण एप्रिल ते सप्टेंबर फोनवर टोमणे चालू. त्या वर्षी गणपती 1 सप्टेंबरला बसले. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो, विसर्जन नेमकं लेबर डेच्या सोमवारी आलं. जोडून सुट्टी म्हणून भावोजी शनिवारी गाडी हाकत आले. रात्रीची आरती झाली, प्रसादाची वाटी हातात घेऊन त्यांनी फोनवर तक्ता उघडला आणि म्हणाले, “वहिनी, आता तरी मान्य करा. आम्ही गेलो प्लेऑफला.”

तक्ता त्यांच्याच बाजूने होता. बॉस्टन 84 विजय, 54 पराभव. त्या काळी बेसबॉलच्या दोन लीगपैकी प्रत्येकीतून तीन डिव्हिजन (म्हणजे गट) जिंकणारे संघ आणि बाकीच्यांतला एकच, म्हणजे वाइल्ड कार्ड, असे चार संघ पुढे जात. त्या एका जागेसाठी बॉस्टनच्या मागे होते टॅम्पा बेचे रेज, तब्बल नऊ सामन्यांनी. सामने उरले होते 24. मी दिवसभर लोकांचे ताळेबंद जुळवते, मला आकडे कळत नव्हते असं नाही. पण त्यांचा तो सूर ऐकून तोंडातून निघून गेलं, “नाही जात तुम्ही. लावा पैज.” ठरलं असं की हरेल त्याने पुढच्या वर्षीच्या गणपतीत समोरच्याच्या संघाची टोपी घालून आरतीला उभं राहायचं. भावोजींनी जाताना आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकटीत मॅजिक नंबर लिहून दिला आणि म्हणाले, “रोज वजा करत जा, शून्य झालं की फोन करतो.”

आता मोजायचं कसं ते सांगते. अमुक सामन्यांनी मागे म्हणजे ‘गेम्स बिहाइंड’: दोघांच्या विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून निम्मी करायची. पण मुरलेला चाहता आधी पराभवांचा रकाना बघतो. राहिलेला सामना उद्या जिंकता येतो, हरलेला परत येत नाही. दोन संघांचे सामने कमीजास्त झालेले असतील तेव्हा पहिला आकडा फसवतो, पराभवांचा रकाना फसवत नाही.

मॅजिक नंबर म्हणजे 163 मधून पुढच्या संघाचे विजय आणि मागच्या संघाचे पराभव वजा करायचे. 163 का, तर मोसम 162 सामन्यांचा, आणि एक जास्त अशासाठी की बरोबरी न होता सरळ पुढे जाता यावं. पुढचा जिंकला की आकडा एकाने कमी, मागचा हरला तरी एकाने कमी. म्हणून तर ऑफिसातले लोक आपल्या सामन्याइतकाच दुसऱ्यांचाही सामना मन लावून बघतात. आयपीएलमध्ये मेच्या मध्यावर आपण जी आकडेमोड करतो तिचाच हा भाऊबंद, फक्त तिथे साखळीत 14 सामने आणि वर नेट रन रेटचं झेंगट. इथे तो प्रकार नाही.

मग टक्के कुठून येतात? संगणकाला प्रत्येक संघाची ताकद सांगतात आणि उरलेला मोसम हजारो वेळा खेळायला लावतात. जितक्या वेळा तुमचा संघ आत गेला, तितके टक्के. ताकद ठरवताना नुसते विजय बघत नाहीत, किती धावा केल्या आणि किती दिल्या हेही धरतात, कारण एका धावेने जिंकलेले पंधरा सामने म्हणजे निम्मं नशीब. त्या शनिवारच्या सुमाराला ही मॉडेलं बॉस्टनला 99 टक्क्यांच्या वर देत होती. मॉडेल चुकीचं नव्हतं. 99 म्हणजे 100 नव्हे, एवढंच. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण पैज लावताना कुणालाच आठवत नाही.

पण टक्क्यांत न दिसणाऱ्या दोन गोष्टी तेव्हाही डोळ्यांसमोर होत्या. मी त्या पैज लावण्याआधी बघितल्या असत्या तर शहाणी म्हणवून घेतलं असतं. बघितल्या नंतर.

पहिली, वेळापत्रक. उरलेल्या 24 पैकी सात सामने खुद्द रेजशीच होते. आपसातल्या सामन्यात अंतर अर्ध्याने नाही, एका अख्ख्या सामन्याने हलतं. रेजनी 9 ते 11 सप्टेंबरला आपल्या घरी तिन्ही जिंकले आणि पुढच्या आठवड्यात बॉस्टनच्या फेनवे पार्कवर जाऊन चारपैकी तीन. सातात सहा. म्हणून सप्टेंबरात कुणी “पाच सामन्यांची आघाडी आहे” म्हणालं की आधी विचारा, आपसात किती बाकी आहेत?

दुसरी, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. हे क्रिकेटवाल्याला उमजायला वेळ लागतो, मलाही लागला. फलंदाज रोज तेच असतात, पण सुरुवातीचा पिचर पाच जणांच्या पाळीने येतो. म्हणजे कागदावर संघ एक असला तरी आठवड्यात पाच वेगवेगळे संघ मैदानात उतरतात. बॉस्टनचा क्ले बकहोल्ट्झ पाठीच्या दुखण्याने जूनपासून बाहेर होता. जॉन लॅकीने त्या मोसमात नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी 6.41 धावा दिल्या. आणि सप्टेंबरात बॉस्टनच्या सगळ्या सुरुवातीच्या पिचरांची मिळून सरासरी झाली 7.08. रोज सात धावांचं कर्ज डोक्यावर घेऊन खेळायला उतरायचं, तर फलंदाज तरी किती फेडणार? तक्त्यावरच्या 84 विजयांत एप्रिल-मे-जूनमधल्या ताज्यातवान्या हातांचे विजय होते. पुढचे 24 सामने ते हात खेळणार नव्हते.

माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे. प्रतिस्पर्ध्याचा तक्ता बघू नका, पुढचे दहा दिवस त्यांच्याकडून कोण पिच करणार आहे ते बघा.

कालनिर्णयावरचा आकडा आधी रोज घसरेल असं वाटलं होतं. मग तो दोन-दोन दिवस हलेना. भावोजींचे फोन आधी कमी झाले, मग बंद. 28 सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी सकाळी, बॉस्टन आणि रेज दोघंही 90 विजय, 71 पराभव. करा हिशेब: 163 वजा 90 वजा 71. कालनिर्णयात मी 2 लिहिला आणि घटस्थापनेच्या तयारीला लागले, कारण घट त्याच दिवशी बसायचे होते.

आता त्या रात्रीचा पेच बघा. बॉस्टन बाल्टिमोरला खेळत होतं. रेज खेळत होते आमच्याच यांकीजशी! यांकीजनी डिव्हिजन आधीच खिशात घातली होती, त्यांना त्या सामन्यातून काही मिळवायचं नव्हतं. मला मात्र पैज जिंकायची तर बॉस्टन हरायला हवं होतं आणि यांकीजही. प्रतिस्पर्ध्याचे चान्स मोजता मोजता माणूस कुठे येऊन पोचतो बघा.

यांकीजच्या टशेराने दुसऱ्याच इनिंगमध्ये ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावा देणारा होम रन मारला. आठव्या इनिंगपर्यंत यांकीज 7-0. तिकडे बाल्टिमोरला पावसाने खेळ थांबलेला, बॉस्टन 3-2 ने पुढे. आयुष्यात पहिल्यांदा यांकीजच्या सात धावा बघून मला वाईट वाटलं. मी झोपायला गेले.

मध्यरात्रीच्या आधी उठले ते नंदादीपात तेल घालायला. हॉलमध्ये टीव्ही चालूच. नवरा सोफ्याच्या कडेवर टेकून बसलेला, पाठ टेकायचीही शुद्ध नाही. रेजनी आठव्यात सहा धावा काढल्या होत्या, आणि नवव्यात दोन आउट, दोन स्ट्राइक असताना (आणखी एक स्ट्राइक की खेळ खल्लास) डॅन जॉन्सन नावाच्या, मोसमभर 0.108 च्या सरासरीने, म्हणजे दहात जेमतेम एका यशस्वी फटक्याने, रखडलेल्या बदली खेळाडूने होम रन मारून 7-7 केलं होतं. मी विचारलं, “आपण हरतोय?” तो म्हणाला, “आपण हरलो तर तू जिंकतेस.”

तेलाची बरणी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. बाल्टिमोरला नववी इनिंग, दोन आउट, बॉस्टनचा पॅपलबॉन पिच करतोय, आणखी एक आउट मिळाला की संपलं. त्या मोसमात आठ इनिंगनंतर पुढे असताना बॉस्टन 77 पैकी 77 सामने जिंकलं होतं. बाल्टिमोरच्या डेव्हिसचा डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका. रायमोल्डचा डबल, 3-3. मग अँडिनोचा डावीकडे खाली येणारा फटका, बॉस्टनचा कार्ल क्रॉफर्ड सरकत आला, चेंडू ग्लोव्हला लागून निसटला. 4-3, बॉस्टन हरलं. बारा वाजून दोन मिनिटं. तीन मिनिटांनी तिकडे बाराव्या इनिंगमध्ये रेजच्या लोंगोरियाने डाव्या कोपऱ्यातल्या बुटक्या भिंतीवरून चेंडू धाडला आणि यांकीज 8-7 ने हरले. गंमत म्हणजे ती भिंत तिथे बुटकी केली होती ती काही वर्षांपूर्वी, याच क्रॉफर्डला, तो रेजकडे असताना, उडी मारून होम रन अडवता यावेत म्हणून.

रेज 91, बॉस्टन 90. उरलेल्या 24 पैकी बॉस्टनने सहा जिंकले. आठ जिंकले असते तरी सरळ आत होते. चोवीसात आठ! एवढं तर तळाचा संघही करतो.

बॉस्टनवाले अजून म्हणतात की यांकीज मुद्दाम हरले. मुद्दाम नाही, पण मारियानो रिव्हेराला, म्हणजे शेवटच्या इनिंगसाठीच्या आपल्या हुकमी पिचरला, त्या रात्री आणलंच नाही, प्लेऑफसाठी राखून ठेवलं, आणि सुरुवात केली डेलिन बेटान्सेस या नवख्याने. हे तुमच्या कामाचं आहे: शेवटच्या आठवड्यात समोरच्या संघाला जिंकायची गरज आहे की नाही, हे त्याच्या ताकदीपेक्षा महत्त्वाचं ठरतं.

आता नियम बदललेत. 2022 पासून प्रत्येक लीगमधून तीन वाइल्ड कार्ड जातात, त्यामुळे नऊची आघाडी घेऊन असं बुडायला फार कर्तबगारी लागते. पण बरोबरी झाली तर पूर्वीसारखा एक जादा सामना नाही, आपसातले निकाल बघतात. 2025 मध्ये न्यूयॉर्कचे मेट्स जूनच्या मध्यावर 45-24 (विजय-पराभव) होते, सगळ्या बेसबॉलमध्ये अव्वल. शेवटी ते आणि सिनसिनाटीचे रेड्स दोघंही 83-79, शेवटच्या दिवशी दोघंही हरले, आणि आत गेले रेड्स, कारण आपसातले सामने त्यांनी जास्त जिंकले होते. त्याच वर्षी क्लीव्हलँडने साडेपंधरा सामन्यांची पिछाडी भरून काढून डेट्रॉइटच्या हातून डिव्हिजन काढून घेतली. तुमच्या ऑफिसात कुणी मेट्सवाला असेल तर हा विषय त्याच्यासमोर काढू नका.

माझं पुढे काय झालं? भावोजींनी त्या रात्री फोन केला नाही. मीही केला नाही. आठ दिवसांनी, 6 ऑक्टोबरला, यांकीज आपल्याच मैदानावर डेट्रॉइटकडून प्लेऑफच्या पहिल्या फेरीतला पाचवा, निर्णायक सामना 3-2 ने हरून बाहेर पडले. दिवस दसऱ्याचा. रात्री फोन वाजला. “वहिनी, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. तुमचं सीमोल्लंघन डेट्रॉइटवाल्यांनी अडवलं म्हणे?”

पुढच्या गणपतीत ते टोपी घालून आरतीला उभे राहिले. उलटी घातली होती.