हातखर्चाचा हिशेब: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कॉलेजच्या प्रकल्पासाठी आम्ही तिघं १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी खर्चाचं ॲप करतोय. पंधरा खर्चप्रकार, रंगीत आलेख, महिन्याचा अहवाल, सगळं आहे. तरी मुलं चार दिवस वापरून सोडून देतात. कुठं चुकतंय?

उत्तर: तुमचं ॲप होऊन गेलेल्या खर्चाबद्दल बोलतं. मुलाला वस्तू हातात धरून उभं असताना हवं असतं ते वेगळंच: हे आज घेतलं, तर पुढचे पैसे मिळेपर्यंत पुरेल का? पहिल्या पडद्यावर एवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्या, आणि तेही एकाच आकड्यात. आलेख मागच्या पानावर गेले तरी कुणाचं अडणार नाही.

तो आकडा असा काढा. हातातल्या शिलकेतून आधी ठरलेले खर्च वजा करा, मग बाजूला टाकायची बचत वजा करा आणि उरलेल्या रकमेला पुढचे पैसे येईपर्यंतच्या दिवसांनी भागा. समजा शिल्लक ९००, प्रवासाचे २४०, बचत १०० आणि दिवस १४. उरले ५६०, म्हणजे रोज ४०. मुलानं आज एकदम १७० खर्च केले, तर उरतात ३९०, दिवस १३. उद्यापासून रोज ३०. ‘मर्यादा ओलांडली’ अशा लाल पट्टीपेक्षा ‘४० चे ३० झाले’ हे मुलाला पटकन कळतं. त्यात रागावणं नाही, आणि उद्या काय करायचं तेही त्यातच आहे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, प्रत्येक नोंदीनंतर पुन्हा भागाकार करणं. वरच्या उदाहरणात सकाळी २० खर्च झाले की ५४० भागिले १४, म्हणजे ३८ च्या वर काहीतरी. निम्मा वाटा संपूनही ॲप सांगतं की आज अजून ३८ आहेत! म्हणून आकडा दिवसातून एकदाच काढा आणि नंतर फक्त ‘आजचे उरले’ एवढंच कमी करत न्या. दुसरी, पैसे ठरल्या तारखेला आले नाहीत की दिवस शून्य होतात आणि भागाकार कोलमडतो. हातखर्च उशिरा मिळणं ही नेहमीची गोष्ट आहे, तेव्हा ॲपनं सरळ नवी तारीख विचारावी. न आलेले पैसे शिलकेत कधीच धरू नका.

पंधरा खर्चप्रकार तर आजच कमी करा. हानी मोतोको यांनी जपानमध्ये १९०४ साली सुरू केलेल्या काकेइबो या हिशेबवहीच्या पद्धतीत सहसा चारच कप्पे असतात: गरजेचं, हौसेचं, वाचन-कलेचं आणि अचानक उद्भवलेलं. रक्कम टाकली, एक कप्पा दाबला, झालं. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर मित्रांच्या घोळक्यात कुणी नोंद करत बसणार नाही.

प्रश्न: मी सोळा वर्षांची आहे. वहीत खर्च लिहिते, पण चार दिवस राहून गेलं की मागचं आठवत नाही आणि मग वही तशीच पडते. मैत्रिणींना दिलेले उसने पैसे कुठं लिहायचे तेही कळत नाही.

उत्तर: मागचं आठवत बसूच नकोस. हातातले आणि खात्यातले पैसे मोज. वहीप्रमाणे ३५० असायला हवेत आणि निघाले २९०, तर ‘नोंद राहिलेले ६०’ अशी एकच ओळ लिही आणि आजपासून पुढे चालू कर. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी असं मोजलंस, तर वही तुटत नाही. हा ‘राहिलेला’ आकडा मात्र दर आठवड्याला वाढत असेल, तर रोख खर्च निसटतोय असं समज.

उसने दिलेले पैसे म्हणजे खर्च नाही. शेवटच्या पानावर ‘येणं-देणं’ कर: नाव, रक्कम, तारीख. शिलकेतून ते लगेच कमी कर आणि परत मिळाले की मिळव. मैत्रीण नक्की देईल असं वाटत असलं, तरी हातात येईपर्यंत ते तुझ्या रोजच्या आकड्यात नकोत.

प्रश्न: मुलाच्या प्रत्येक खर्चाची सूचना माझ्या फोनवर यावी, अशी सोय असलेलं ॲप घ्यावं का?

उत्तर: आमचं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. प्रत्येक खर्चावर नजर आहे म्हटल्यावर मूल रोखीनं खर्च करू लागतं, आणि मग नोंदी खोट्या होतात. त्यापेक्षा एकूण शिल्लक, बचत कुठवर आली आणि एका वेळी खर्चता येईल अशी कमाल रक्कम, या तीन गोष्टी तुम्हाला दिसू द्या. काय दिसतं हे मुलालाही त्याच पडद्यावर वाचता आलं पाहिजे. वय वाढेल तशी ही कमाल रक्कम दोघांनी बसून वाढवावी.

प्रश्न: ५०-३०-२० चा नियम शाळेत शिकवावा का?

उत्तर: एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या कन्या अमीलिया वॉरन त्यागी यांनी २००५ मध्ये मांडलेला हा नियम कमावत्या माणसासाठी आहे: निम्मं गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचत आणि कर्जफेडीला. मुलांच्या बहुतेक गरजा घरातून भागतात, त्यामुळे ५० चा कप्पा रिकामाच राहतो. आधी वर्गात यादी करून घ्या: कोणता खर्च घरचा, कोणता माझा. वाटे त्यानंतर.

प्रश्न: आमच्या ॲपमध्ये बेरीज कधीकधी अगदी किंचित चुकते. का?

उत्तर: रक्कम दशांश अपूर्णांकात साठवल्यामुळे. संगणक ०.१ आणि ०.२ नेमके साठवू शकत नाही, म्हणून त्यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात साठवा: १२.५० ऐवजी १२५०. दशांश चिन्ह फक्त पडद्यावर दाखवताना लावा. आणि १०० चे तीन वाटे करताना उरणारा शेवटचा एकक कोणाच्या वाट्याला जाणार, हे आधीच ठरवून ठेवा.