बीएस-६ ट्रकचा डीपीएफ काढल्यापासून चढावर काळा धूर येतो. इंजिन गेलं का?

इंजिन बहुतेक शाबूत आहे. तुम्ही लिहिलंय की डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, सतत जाम व्हायचा, म्हणून गॅरेजवाल्याने आतला कोर काढला, यूरिया (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी फवारणी) बंद केला, मॅप मारला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललं. आणि आता लोड घेऊन घाट चढताना मागच्या गाड्यांना रस्ता दिसत नाही. मी डिझेलचंच काम करतो, अशा गाड्या येत असतात.

डीपीएफ म्हणजे बारीक नळ्यांचा सिरॅमिक ठोकळा. प्रत्येक नळीचं एक तोंड बंद, त्यामुळे धुराला भिंतीतून गाळूनच बाहेर पडावं लागतं. साचलेली काजळी रीजनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ होतो तेव्हा, ६०० अंशांच्या आसपास जळते. कोर गेला, काजळी मोकळी झाली. पण म्हणून ढग निघत नाही! धड चालणारं आजचं कॉमनरेल डिझेल इंजिन फिल्टरशिवायही चढावर जेमतेम भुरकट दिसतं. एवढा काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी.

पहिला संशय मॅपवर. पिकअप वाढल्यासारखं वाटावं म्हणून डिझेल वाढवून ठेवतात. त्याने एक्झॉस्ट तापतो, आणि मार टर्बोला आणि पिस्टनला बसतो. मग एअर फिल्टर, इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या कूलरचे) होज आणि क्लॅम्प, टर्बो, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), शेवटी इंजेक्टर. आता गंमत बघा: फिल्टर वारंवार जाम होण्यामागेही बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं. (नाहीतर ड्रायव्हर रीजन मध्येच बंद करतो, किंवा साधं ऑइल टाकलेलं असतं, त्याची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती रीजननेही जळत नाही.) मूळ दोष जागेवरच राहिला, फक्त तो दाखवणारा फिल्टर गेला.

यूरिया बंद केल्याचा धूर मात्र कधीच दिसणार नाही. नायट्रोजन ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाहीत. बीएस-४ या आधीच्या प्रदूषण नियमांत ट्रकसाठी त्यांची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ला सुमारे ०.४. पीयूसीवाला डिझेल गाडीचा फक्त काळेपणा मोजतो, त्यामुळे तिथे हे सुटतं. कायद्यातून सुटत नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

माझं ऐकाल तर आधी ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मूळ फाइल परत टाकून घ्या. मॅप मारणारे सहसा जपून ठेवतात. तेवढ्याने धूर कमी होतो का बघा, पण कोर नसताना चेक लाइट लागणार आणि पॉवर कटही होणार, म्हणून हे लोड नसताना करा. मग स्कॅनर लावून बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू (कॉम्प्युटर प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते) तपासा. दोष निघाल्याशिवाय नवा फिल्टर बसवू नका, तोही जाम होईल.

आणि जुना कोर गॅरेजवाल्याकडून मागून घ्या. त्यात प्लॅटिनम असतं, भंगारात चांगला भाव येतो. तुम्हाला त्याने ते सांगितलं नसेल.