ताई, आधी बसा नुसतं

ताई, मिस्टर आणि मुलगा दोन वर्षांत गेले, आता चर्चकडे वळावंसं वाटतंय पण प्रार्थना जमत नाही, पुन्हा आनंद वाटेल का, असं विचारताय. माझंही 66व्या वर्षी असंच झालं, घर एकदम गप्प. प्रार्थनेवरून गिल्टी वाटून घेऊ नका, मी सहा महिने चर्चच्या मागच्या बाकावर नुसती रडत बसायचे. बायबलमधलं 13वं स्तोत्र वाचा, देवाशी सरळ भांडणच आहे ते. मग बायबलमधलंच रूथचं पुस्तक, चारच अध्याय, त्यातली नामी नावाची बाई नवरा आणि दोन्ही मुलं गेल्यावर म्हणते, मला आता ‘मारा’ या नावाने हाक मारा, त्याचा अर्थ कडू. पुढे तिच्या मांडीवर बाळ येतं, पण गेलेले काही परत येत नाहीत हं.

माहीमच्या सेंट मायकल चर्चला बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला तुफान गर्दी, गुडघे दुखत असतील तर दुसऱ्या एखाद्या वारी दुपारी जा. बाहेर मेणाची घरं, हात, पाय विकायला असतात, जे मागायचं त्या आकाराचं वाहतात, मी पहिल्यांदा गेले तेव्हा काय घ्यावं कळेचना, गेलेल्या माणसासाठी काय मागणार, शेवटी साधी मेणबत्ती घेतली.

आनंद म्हणाल तर एका रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या क्वायरच्या मागे बेसूर गाताना अचानक हसूच आलं, आणि लगेच लाजही वाटली. बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या विधीची, घाई नको, फादरांशी निवांत बोला, आणि घरातले फोटो काढून ठेवा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.