ऑडिटची मानकं ठरवताना लहान सीए फर्मचं म्हणणं कोण मांडतं?

अधिकृत वाट आयसीएआयच्या, म्हणजे सीएंच्या राष्ट्रीय संस्थेच्या, कौन्सिलमधून जाते. ४० पैकी ३२ सदस्य आपण सीएच मतदान करून निवडतो, उरलेले ८ केंद्र सरकार नेमतं. म्हणजे लहान फर्मच्या मतांना इथे खरंच वजन आहे. पण कंपन्यांच्या ऑडिटच्या मानकांत आता एनएफआरएचाही, म्हणजे ऑडिटवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचाही, शब्द चालतो, आणि तिथे आयसीएआयचे अध्यक्ष पदामुळे सदस्य असले तरी आपण थेट मतदान करून कुणाला पाठवत नाही.

एसए ६०० चंच बघा, म्हणजे दुसऱ्या ऑडिटरच्या कामावर किती विसंबायचं हे सांगणारं मानक. जुन्या पद्धतीत उपकंपनीचं ऑडिट दुसऱ्या फर्मने केलं, तर मुख्य ऑडिटर त्यावर विसंबू शकतो आणि जबाबदारी वाटली जाते. एनएफआरएने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या मसुद्यात कंपनी आणि तिच्या उपकंपन्या अशा सगळ्या समूहाच्या ऑडिटची पूर्ण जबाबदारी मुख्य ऑडिटरवर आली. घोटाळे पाहता त्यामागचा हेतू मला पटतो. तरी व्यवहारात काय होईल? सगळी जोखीम माझी असेल तर मी उपकंपनीचं कामही माझ्याच नेटवर्कमधल्या फर्मकडे ओढणार, आणि नाशिक-कोल्हापूरच्या दोन-तीन भागीदारांच्या फर्मचं काम जाणार. आयसीएआयने हाच आक्षेप जाहीरपणे घेतला. सरकारी कंपन्या, सरकारी बँका आणि सरकारी विमा कंपन्या त्यातून वगळल्या गेल्या, पण बाकीच्यांची चिंता तशीच राहिली.

म्हणून मानकाचा कुठलाही मसुदा हरकतींसाठी खुला झाला की स्वतः लिहा. ‘लहान फर्मवर अन्याय’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या परिच्छेदामुळे किती तास वाढतात आणि त्याजागी कोणते शब्द हवेत, ते द्या. जमल्यास आयसीएआयच्या आपल्या शाखेतल्या पाच-सहा फर्मनी मिळून पाठवा.