कामावरून आल्यावर पाऊण तासात होणारा तिखट चिकन-राईस बाउल एकाच कुकरात लावता येईल का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी बेळगावात नवीनच आलाय, घरात दोघंच, दारात पाय टाकेपर्यंत साडेसात वाजतात, भांडी घासायचा कंटाळा, आणि आठवड्यातून तीनदा तरी चिकन हवं. मग चिकन, तांदूळ, मसाला सगळं एकाच कुकरात घालून चार शिट्ट्या काढल्या तर चालेल का, असा प्रश्न, आणि तांदूळ कुठला घ्यायचा तेही विचारलंय.

नाही चालणार. खरं (इथं 'पण'ला 'खरं' म्हणतात, राहायचं तर सवय करून घ्या) हाच प्रश्न आमच्या घरात अकरा वर्षांपूर्वी उठला आणि अजून मिटलेला नाही, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

आठवड्यातून तीनदा हे आधी डोक्यातून काढा. आमच्याकडे सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि घरात सौंदत्तीची यल्लम्मा असल्यामुळं मंगळवार-शुक्रवारही बंद. उरला बुधवार आणि रविवार. रविवार मटणाचा. म्हणजे कामाच्या दिवशी रात्री चिकन शिजायचं तर बुधवारीच. तुम्ही पाळत नसाल तर तुमची मर्जी, खरं घरमालक खालीच राहत असेल तर गुरुवारी फोडणीचा वास बाहेर जाऊ देऊ नका.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये आहे, सहाला सुटतो. बायको खानापूर तालुक्यात शाळेवर, बसनं येईपर्यंत साडेसात-पावणेआठ. म्हणून बुधवारचा गॅस माझ्याकडं. पंधरा-सोळा वर्षं झाली. गल्लीत आधी हसायचे, आता त्यांच्या बायका कांदा-लसूण चटणीचं प्रमाण विचारायला येतात.

तर तो आखाडातला बुधवार होता. बेळगावचा पाऊस तुम्ही अजून बघितला नसेल, चार-चार दिवस ऊन दिसत नाही. माझा मोठा भाऊ, दादा, गोव्याला भाजीची गाडी घेऊन जातो, चोर्ला घाटातनं. त्या दिवशी घाटात झाड पडलं म्हणून गाडी निघालीच नाही आणि दादा घरी. त्यात निपाणीहून माझा मेहुणा न कळवता आला. मी नेहमीप्रमाणं सकाळीच चिकनला मीठ, हळद, आलं-लसूण लावून फ्रिजमध्ये ठेवलेलं. संध्याकाळी कामावरनं येऊन बघतो तर स्वयंपाकघरात दादा, कमरेला टॉवेल, आणि शेगडीवर पाच लिटरचा कुकर.

"अरे, दोन-दोन भांडी कशाला घाण करायलास? मी गाडीत असाच करतो. सगळं एकदम."

गाडीत तो करतो हे खरं. रॉकेलचा स्टोव्ह, एक पातेलं, रस्त्याकडेला गाडी लावून. तिथं पर्याय नाही. घरात दोन शेगड्या असताना गाडीतला स्वयंपाक कशाला? हे मी त्याला तेव्हाही विचारलं आणि परवाही विचारलं.

त्यानं एक किलो चिकन, चार वाट्या तांदूळ, आठ वाट्या पाणी, तीन टोमॅटो, डोळे मिटून चटणी, आणि वर दोन लिंबं अर्धी कापून सालासकट टाकली. झाकण लावलं. दुसऱ्या शिट्टीला लाल फेस भिंतीवर. ते डाग पुढच्या दसऱ्याला रंग दिला तेव्हा गेले. चार शिट्ट्या झाल्यावर झाकण काढलं तर आत काय? भात नव्हता, लापशी होती. चिकनचे दोरे झालेले, हाडं वेगळी तरंगायला लागलेली, तळाला बोटभर खरपुडी, आणि लिंबाच्या सालीनं सगळ्याला कडवटपणा. मेहुण्यानं एक घास घेतला, माझ्याकडं बघितलं, म्हणाला, "चव चांगली आलीय, भावजी." निपाणीची माणसं पाहुणचाराला जागतात. बायको आली, तिनं एक नजर कुकरात टाकली आणि म्हणाली, "मी दमून आलोय, काय असेल ते वाढा." (इथं बायकाही 'आलोय' म्हणतात. हसलात तर बाजारात तुमचंच हसं होईल.)

इथपर्यंत मी जिंकलो होतो.

मग वडिलांना, अप्पांना, वाढलं. अप्पांचे दात त्या वर्षी काढलेले, कवळी बसत नव्हती म्हणून ती कपाटात. अप्पांनी काही न बोलता पितळी (उभ्या काठाची थाळी) रिकामी केली आणि पुढं केली. दुसऱ्यांदा वाढलं, तेही संपवलं. मग हात धुऊन म्हणाले, "सहा महिन्यांत आज कोंबडी खाल्ल्यासारखं वाटलं." आणि माझ्याकडं वळून, "तू करतोस त्याचा वास चांगला असतो."

वास! बुधवारमागून बुधवार मी त्या माणसासाठी चिकन करत होतो आणि तो नुसता वास घेत होता. दादानं त्या एका वाक्यावर अकरा वर्षं काढलीत. अजून बुधवारी जिन्यातनं ओरडतो, "कुकर लावू काय?"

आता तुमच्या कामाचं. कुकर का नाही, ते ऐका. बाजारात मिळतो तो ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांचा पक्षी, फिरलेला नाही, पळालेला नाही, मांस मऊच. साध्या पातेल्यात झाकण ठेवून वीस-बावीस मिनिटांत शिजतो. कुकरात उष्णता १२० अंशांपर्यंत जाते, ती जवारी, म्हणजे गावठी कोंबडीला पाहिजे, जिला पातेल्यात तास-सव्वा तास लागतो. कोवळ्या मांसाला ती लावली की दोरे होणारच. दुसरं म्हणजे पाणी. चिकन स्वतःचं पाणी सोडतं, टोमॅटो सोडतो, आणि तुम्ही तांदळाच्या दुप्पट मोजून वर ओतलेलं. लापशी नाही होणार तर काय होणार? दादाला हे मी कागदावर लिहून दिलंय.

म्हणून दोन भांडी. एका शेगडीवर भात, दुसरीवर चिकन. दोन माणसांना अर्धा किलो बास, तुकडे लहान करून आणा. आमच्या तिसऱ्या गेटजवळचा चिकनवाला कानडीत विचारतो, मी मराठीत सांगतो, हिशेब हिंदीत होतो, तुकडे बरोबर येतात. घाबरू नका.

तेल तापवून दोन कांदे बारीक चिरून लालसर होईपर्यंत परता. इथं घाई करू नका, पाऊण तासातली दहा मिनिटं याचीच. मग गॅस बारीक करून दोन चमचे चटणी. चटणी करपली की सगळं कडू, म्हणून चटणी पडताच पळीभर गरम पाणी. मग चिकन घालून परता, वर ताट ठेवून ताटात पाणी ओता. खालनं वाफ धरते, वरचं पाणी तापतं, तेच पाणी लागेल तसं आत सोडायचं. गार पाणी घातलंत तर रस्सा फिकट लागतो. रविवारसारखं खोबऱ्या-कोथिंबिरीचं वाटण काढत बसू नका, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची आणि तिळाची पूड दोन चमचे शेवटी भुरभुरा. रस्सा अंगाबरोबर राहिला पाहिजे, वाहता नको.

चटणीवर सगळं उभं आहे. पुण्या-मुंबईची माणसं इथली चटणी म्हटलं की इडलीबरोबरची समजतात. ही कांदा-लसूण चटणी, चैत्र-वैशाखात वर्षाची करून बरणीत भरतात. आमचं प्रमाण दोन भाग ब्याडगी मिरची, एक भाग संकेश्वरी. ब्याडगी रंगाला, अंगावर सुरकुत्या असतात, तिखट कमी. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी बाजारात लाल दिसेल ती ब्याडगी म्हणून गळ्यात मारतात. सुरकुती बघा, देठ बघा. संकेश्वरी आपल्याच जिल्ह्यातली, हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची, ती तिखटाला. एक किलो मिरचीला पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, अर्धा किलो कांदा उन्हात सुकवून तेलात तळलेला, धने, तीळ, खसखस, दगडफूल, लवंग, दालचिनी, खडेमीठ. कांडून आणली की बरणीत हिंगाचे खडे घालून दाबून भरायची. झटपट झटपट म्हणून लोक विचारतात, खरं बुधवारची पाऊण तासाची झटपट आम्ही मे महिन्यात दोन दिवस घाम गाळून आधीच करून ठेवलेली असते. तुम्ही नवीन आहात, यंदा नाही जमणार. शेजारच्या मावशींकडनं वाटीभर मागा, नाही म्हणणार नाहीत. पाकिटातली घेतलीत तर मग कुकरच लावा, काय फरक पडतोय.

तांदूळ विचारलात. लांब दाण्याचा बिर्याणीचा बासमती नको, रस्सा त्यावरनं ओघळून तळाला जातो. इथल्या शिवारातला बेळगाव बासमती मिळाला तर बघा, येळ्ळूरकडचा असेल तर उत्तम. दाणा लहान, वास मोठा. नवा असेल तर वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, जुना असेल तर दोन. दुकानदाराला नवा की जुना हे विचारल्याशिवाय पिशवी उचलू नका. नाही मिळाला तर सोना मसुरी.

तुम्ही ज्याला बाउल म्हणता ती आमची पितळी, उभ्या काठाची. भात घालायचा, मधे आळं करायचं, आळ्यात चिकन आणि रस्सा, कडेला कच्चा कांदा, वर कोथिंबीर. दोन भांडी घासायला लागतील, दहा मिनिटं जातील. माणूस मोबाईल बघण्यात त्याहून जास्त घालवतो.

मीठ लावलेलं चिकन सकाळपासून फ्रिजमध्येच ठेवा, ओट्यावर विसरलात तर सरळ टाकून द्या. लहान मूल असेल तर चटणी एकच चमचा. आणि हो, घरात कुणी दात नसलेलं म्हातारं माणूस असेल तर दादाच्या पद्धतीनं कुकर लावायला हरकत नाही, पाणी मात्र दीडपट, आठवाट्याचा कारभार नको. त्या बुधवारनंतर अप्पांसाठी मी छोट्या कुकरात वेगळं लावत होतो, ते असेपर्यंत. तीन भांडी व्हायची. दादाला हे माहीत नाही, तो रात्री घाटात असायचा.

लिंबू पितळीत पिळा. कुकरात नाही.