इन की फॉर? आधी एवढंच धर

भाऊ, इंग्रजीत वेळ सांगताना इन लावायचं की फॉर, यात तू अडतोस ना? 'मध्ये म्हणजे इन' हे पाठांतर सोडून दे, तुझा अर्धा घोळ तिथंच आहे.

कापसाची वेचणी डोळ्यासमोर आण. "दोन तास वेचला" म्हणजे काम चाललं, पात (वाट्याला आलेली ओळ) निघाली की अर्धी राहिली ते माहीत नाही. तिथं फॉर टू अवर्स. "दोन तासांत पात काढली" म्हणजे काम पुरं झालं. तिथं इन टू अवर्स. काम संपल्याचा तो शेवटचा 'त' ऐकू आला, की बहुतेक वेळा इनच.

नवखे हमखास चुकतात त्या जागा:

- "एसटीनं दोन तास लागतात": इट टेक्स टू अवर्स. टेक्सनंतर फॉर घुसडू नको.
- "तासाभरानं येतो": आपण आफ्टर म्हणतो. आत्तापासून मोजायचं असेल तर इन ॲन अवर.
- 'पासून' दिसलं की सिन्स, ही सगळ्यात चिवट सवय. काळ जिथून सुरू झाला, फक्त त्या वेळेला सिन्स लागतं: सिन्स 2019. मोजलेल्या काळाला फॉर: फॉर फाइव्ह इयर्स. नागपूरच्या एका मुलाखतीत मी ठासून 'सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणालो. समोरचे साहेबही तेच बोलत होते, म्हणून निभलं!

विदिन, ओव्हर, बाय यांच्या नादी आत्ताच लागू नको. आज दिवसभरातली पाच कामं घे, प्रत्येकाची दोन वाक्यं कर, एक फॉरचं, एक इनचं. जिथं अडशील ते वाक्य तसंच दाखव, आपण बसून पाहू.